खोकला असल्यास आत येऊ नये

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जर्मनीत, इंगोलश्टाटच्या कारखान्यात, कँटीनच्या रांगेत ताट धरून उभा होतो. अप्पा म्हणजे माझे सासरे. बायको एवढंच म्हणाली, "संपलं रे." मला आधी काय वाटलं ते सांगून टाकतो... आता झोप मिळेल, असं वाटलं. चार महिने दवाखाना, क्रांकनकासेचे विम्याचे कागद, औषधांच्या वेळा. प्रेमाच्या माणसाचं करताना थकवा येत नाही असं म्हणणाऱ्यांनी कुणाचं काही केलेलं नसावं. रडू नंतर आलं, पार्किंगमध्ये.

अप्पांनी सांगलीकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात अख्खी नोकरी काढली. म्हशी, बैल, शेळ्या. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं आणि त्यांना हात लावायला जनावर उरलं नाही. शेजारच्या कुत्र्याचे दात तेवढे तपासून झाले. मग कुठूनसं त्यांना कळलं की सर्कशीतून, खाजगी पिंजऱ्यांतून सोडवलेल्या ओरांगउटानांना सांभाळणारं, पुन्हा झाडावर चढायला शिकवणारं एक केंद्र उत्तरेत आहे. "एवढं मोठं वानर जवळून बघायचं राहिलंय, सुहासराव," हे रोज जेवताना. सात महिन्यांनी टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाली. सहा तास गाडी चालवून गेलो.

फाटकाशी फ्राउ केलर नावाच्या, प्राण्यांची देखभाल करणाऱ्या बाईंनी एक कागद पुढे केला. गेल्या दोन आठवड्यांत ताप, सर्दी, खोकला? माणसाची साधी सर्दी या प्राण्यांच्या जिवावर बेतू शकते म्हणे. अप्पा महिनाभर कोरडं खोकत होते. मी पुटपुटलो, "अप्पा, 'नाइन'वर, 'नाही'वर खूण करा. ॲलर्जी असेल."

"अहो, मी जन्मभर लोकांना गोठ्याच्या दारात पाय धुवायला लावले. आता मीच तसा शिरू?"

त्यांनी 'या'वर, म्हणजे 'हो'वर खूण केली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. "तुम्ही जा. माझ्या वाटचंही बघून या." मी चिडलो होतो, आणि तसाच आत गेलो.

आत काही दिसलंच नाही. लिझी नावाची मादी कोपऱ्यात डोक्यावर पोतं ओढून बसली होती. कित्येक वर्षं ती कुणाच्या तरी गॅरेजमध्ये होती. आजही ती बाहेर येणार नाही, असं फ्राउ केलर हळू आवाजात म्हणाल्या. अर्धा तास मी पोतं बघितलं. बाहेर आलो, अप्पा बाकावरून अर्धे उठलेच होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आली की! दोर धरून खाली आली, सफरचंद खाल्लं." अप्पा विचारू लागले. कुठल्या हाताने धरलं? चावत कुठल्या बाजूने होती? पोट सुटलंय का? मी ठोकत गेलो. "बरं झालं," म्हणाले आणि परतीच्या वाटेवर डोळे मिटून बसले.

तो खोकला फुप्फुसातल्या गाठीचा निघाला. त्यांच्यापासून लिझीला काहीच धोका नव्हता. मी हळहळलो तर म्हणाले, "तेव्हा कुठे माहीत होतं?"

गेल्या आठवड्यात अप्पांच्या नावाने फ्राउ केलर यांचं पत्र आलं. अप्पांनी दवाखान्यातून त्यांना लिहिलं होतं आणि त्याचं जर्मन केलं होतं माझ्या बारा वर्षांच्या लेकीने, सानिकाने, आम्हाला पत्ता लागू न देता. बाईंनी अप्पांचा मजकूर पुन्हा उतरवला होता: 'जावई म्हणतात ती खाली आली. ते भले गृहस्थ आहेत, पण त्यांच्या उत्तरांवरून कळतं, त्यांना ती दिसलेली नाही. बुजलेल्या म्हशीजवळ मी पाठ करून बसायचो, काहीतरी खात. करून बघा.' त्यांनी करून बघितलं होतं. बरेच दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी पोत्याखालून हात आला आणि त्यांच्या पाठीमागे ठेवलेली सफरचंदाची फोड घेऊन गेला.

उत्तर लिहायला सानिका अप्पांच्या खोलीत त्यांच्या टेबलाशी बसली. तिथे अजून बामाचा वास आहे. काय लिहू, तिने जर्मनमध्ये विचारलं.

"लिही, अप्पा गेले. आणि त्या दिवशी मी त्यांना खोटं सांगितलं, तेही लिही."

ते तर बाईंना माहीतच आहे, ती पुन्हा जर्मनमध्येच म्हणाली.

"असू दे. लिही तरी," मी म्हणालो. "अप्पांना सांगायचं राहिलं."