पारू त्या दाराशी अडली होती

सुभेदार केशव निकम याने मला फसवले, आणि त्याचा धाकटा भाऊ तात्या याने त्याला साथ दिली. गेलेल्या माणसाविषयी चांगले लिहावे असा रिवाज आहे. चांगलेही लिहीन, लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पण हे आधी सांगितले नाही तर पुढचे सगळे खोटे होईल. मी सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापार करतो. याच पेठेत पाठीवर पोती वाहिली आणि याच पेठेत स्वतःची वखार केली. मला फसवायला टपलेली माणसे रोज समोर येऊन बसतात आणि हात हलवत परत जातात. केशवला ते जमले, कारण त्याच्याकडे मी त्या नजरेने कधी पाहिलेच नव्हते...

तार आली तेव्हा मी वखारीच्या दारात माल पाहत होतो. केशव वारला, क्रियाकर्म झाले, एवढेच तिच्यात होते. ‘ताबडतोब या’ असे नव्हते. म्हणजे मी येऊन काही उपयोग नाही याची खात्री करून घेऊन मग पाठवलेली तार. पारू नेहमीसारखी माझ्या मांडीला अंग टेकून उभी होती. पारू ही केशवची ग्रेहाउंड कुत्री. या जातीला ही सवयच असते. भुंकणे नाही, अंगावर उड्या मारणे नाही, नुसते येऊन आपल्यावर रेलायचे. मी तार खिशात घातली आणि समोरच्या शेतकऱ्याला म्हटले, आज सौदा नाही. तो म्हणाला, “शेठ, भाव पाडायला नवीन युगत काढली का काय?” मी त्याला हाकलून दिले. बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता.

केशव आणि मी असेच भांडत भेटलो होतो. फौजेतून सुटून तो पाटणजवळच्या आपल्या वाडीत शेती करू लागला आणि नदीकाठच्या रानात काढलेली हळद ट्रकने माझ्याकडे घेऊन आला. बरोबर ही पारू. पोट पाठीला गेलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पाय काटकुळे. हमाल हसायला लागले. मीही म्हटले, “सुभेदार, हिला खायला घालता का नुसती कवायतच करून घेता?” तो शांतपणे म्हणाला, “शेठ, ही दिसती उपाशी, पर जेवल्याली हाय. तुमचा वजनकाटा दिसतोय जेवल्याला, आन् लय उपाशी हाय.” सगळी वखार हसली. माझ्या वखारीत मला असे बोलून गेलेला दुसरा माणूस नाही. त्या दिवशी मी त्याला जेवायला घरी नेले. कुत्री दाराबाहेर बसली, कारण आमचे नमाजाचे घर. कुत्रे उंबऱ्याच्या आत येत नाही. त्याने ते न सांगता ओळखले आणि स्वतःही ओट्यावर तिच्याशेजारी बसूनच जेवला. घरच्यांना वाटले पाहुणा रुसला. तो म्हणाला, “न्हाई वहिनी, हिला एकटीनं बसाय आवडत न्हाई, आन् मला बी.”

पलटणीतल्या एका साहेबाने कायमचे विलायतेला जाताना त्याला ग्रेहाउंडची जोडी दिली होती. तिचा वंश त्याने वाडीत सांभाळला. पारू त्यातली शेवटची. केशवची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हते, तात्याच्या संसारात एक खोली त्याची. त्या खोलीत दोन बाजा, एक त्याची आणि एक कुत्रीची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चेष्टा केली, तर त्याने पारूचा पुढचा पाय उचलून कोपर दाखवले. कातडी कागदासारखी, खाली मांस नाही, चरबी नाही. “फरशीवर झोपली तर आठ दिवसांत हितं जखम. आन् थंडी तर आपल्यापेक्षा जास्त वाजती तिला.” पलटणीचे जुने कांबळे कापून त्याने तिला झूल शिवली होती, टाके इतके वेडेवाकडे की कोणी शिंपी पाहील तर रडेल. गळपट्टा चांभाराकडून तळहाताएवढा रुंद करून घेतला होता, कारण या कुत्र्यांचे डोके मानेपेक्षा बारीक. साधा पट्टा लावला की मान मागे ओढून मोकळी. धावण्याआधी खायला द्यायचे नाही. धावून आली की धाप बसेपर्यंत पाणी थोडे थोडे. भाकरी दुधात कुस्करून, कधी अंडे, रविवारी मटणाचे पाणी. हे सगळे तो मला असे सांगायचा की जणू मलाच परीक्षेला बसायचे आहे. मी म्हणायचो, “मला कशाला सांगतोस? मी काय कुत्रं पाळणाराय?” तो पुढचे सांगायला लागायचा.

सकाळी नदीच्या वाळवंटात तो तिला सोडायचा. मी आयुष्यात पुष्कळ काही विकत घेतले, पण ते बघायला मिळणे विकत घेता आले नसते. ती आधी उभी राहायची, लांबवर बघत, अंगभर बारीक थरथर. मग एकदम जमिनीवरून सुटायची. चारी पाय पोटाखाली गोळा होत आणि पुन्हा फाकत, आणि वाळू मागे उडताना दिसे तेव्हा ती पुढे निघून गेलेली असे. परत आली की केशवच्या मांडीला टेकायची आणि तिच्या बरगड्यांआडचे काळीज उडताना दिसायचे. केशव हाताने ते दाबून धरायचा. आम्ही दोघे तिथे तासभर बोलायचो किंवा बोलायचो नाही. व्यापाऱ्याला मित्र नसतात, गिऱ्हाइके असतात. माझ्याकडून काहीच नको असलेला एवढा एकच माणूस मला मिळाला होता.

आणि एके दिवशी त्याला माझ्याकडून काहीतरी हवे झाले. हिवाळ्याच्या तोंडाला तो तात्याला आणि पारूला घेऊन वखारीत आला. वाळला होता, पण मी समजलो रानातली कामे. म्हणाला, “दस्तगीर, पारूला तुझ्याकडं ठेव. बिबट्या गावात उतरायला लागलाय. दोन कुत्री उचलली आमच्या आळीतली.” पाटणच्या डोंगरात हे होते, म्हणून संशय यायचे कारण नव्हते. पण कोणाच्या पहिल्या शब्दाला हो म्हणणे माझ्या रक्तात नाही. मी म्हटले, अटी सांग.

आमच्या पेठेत रुमालाखाली सौदा करायची रीत आहे. दोघांनी हातात हात घ्यायचा, वरून रुमाल टाकायचा आणि बोटे दाबून भाव सांगायचा. आजूबाजूला कळत नाही. केशवने थट्टेने खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला आणि एकेका अटीला माझे एकेक बोट धरले. घरात घ्यायची. मी बोट सोडवून घेतले. घरात नाही, वखारीत. बरं, वखारीत, पण बाजेवर. कबूल. साखळी नाही. कबूल. रोज पहाटे कृष्णेच्या काठी न्यायची, आणि ती हमालाने नाही, मी स्वतः. मी म्हटले, मला गुडघेदुखी आहे. तो म्हणाला, “म्हून तर सांगतोय. गुडघं सुटतील.” शेवटचे बोट त्याने घट्ट धरले. “ती रुळंपतूर मी हिकडं येणार न्हाई, आन् तू बी तिला तिकडं आणायची न्हाई.” ही अट मला चमत्कारिक वाटली, पण तिची मला काही तोशीस नव्हती, म्हणून ती घासाघीस न करता मान्य केली. त्याचा हात गरम होता आणि थरथरत होता. रुमालाखाली थरथरणारा हात मी हजार वेळा धरला आहे. ज्याला माल आजच विकायचा आहे त्याचा हात असा असतो, आणि असा हात सापडला की व्यापारी दाब वाढवतो. मीही वाढवला. झूल मी करणार नाही, तूच जुनी देऊन जा, हेही कबूल करून घेतले. तात्या शेजारी बसून चहा पीत होता. त्याने सबंध वेळ रस्त्याकडे तोंड केले होते.

ते दोघे त्या दिवशी मिरजेच्या डॉक्टरांकडून थेट माझ्याकडे आले होते. पोटात गाठ आहे आणि आता काही करण्यासारखे नाही, एवढे ऐकून आले होते. हे मला तेव्हा कळले नाही.

पारू खाईना. हळदीच्या पोत्यांवर पडून राहायची, दाराकडे तोंड करून. पांढऱ्या अंगाला पोटाखालून हळद लागली होती आणि ती नवरीसारखी पिवळी दिसायची. हमाल चेष्टा करायचे, आणि मग तेही करेनासे झाले. ज्या आमच्या घरच्यांनी कधी कुत्र्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही, त्या बाई मटणाचे पाणी भांड्यात घेऊन वखारीत आल्या, तिच्यापुढे बसल्या आणि मला म्हणाल्या, “आवं, ही मरायची हो. तिच्या मालकाला बोलवा, न्हाईतर नेऊन सोडा.” मी केशवला पत्रावर पत्र टाकले. उत्तर नाही. माझ्या गळ्यात जनावर घालून हा मोकळा झाला, असे माझ्या डोक्यात बसले. एकदा बसले की माझे काय होते ते पेठेला ठाऊक आहे. एसटीचा कंडक्टर कुत्री घेईना, म्हणून रिकाम्या निघालेल्या ट्रकवाल्याला पटवले आणि अट मोडून तिला घेऊन वाडीत गेलो.

तात्या ओट्यावर होता. मला बघून उठला तो आत जायला नव्हे, वाट अडवायला. म्हणाला, “दादा न्हाईत. मुंबईला गेल्यात, आमच्या पोरीकडं.” “कवा येणार?” “काय सांगितलं न्हाई.” तोवर पारूने माझ्या हातातून दोरी ओढून घेतली होती. ती तात्याच्या बाजूने सोप्यात शिरली आणि केशवच्या खोलीच्या बंद दाराशी जाऊन उभी राहिली. भुंकली नाही, दार खरवडले नाही. दाराखालच्या फटीला नाक लावून उभी, अंगभर ती बारीक थरथर. मी विचारले, “ही काय करतीया?” तात्या म्हणाला, “तिथंच तिची बाज असायची, म्हून.” मी माणसावर विश्वास ठेवला, कुत्रीवर नाही.

मग मी बोललो. ओट्यावर उभा राहून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असे बोललो. सुभेदार म्हणवतो आणि पाठ दाखवून पळतो. मुक्या जनावराला मारायला माझी वखार सापडली. मुंबईची हवा खातो आणि पत्राला उत्तर देत नाही. असल्या माणसाशी माझी दोस्ती नव्हती, नाही आणि राहणार नाही. माझ्या दारात आला तर पाणी विचारणार नाही. तात्याने एकदा माझा दंड धरला आणि हळूच म्हणाला, “दस्तगीरभाई, पुरे.” मी अजून मोठ्याने बोललो. पारू दार सोडेना, म्हणून तिला उचलून ट्रकमध्ये घातले. जाताना ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती जेवली. का, ते मला कळले नाही. घरच्यांना वाटले, जुने घर बघून आली, जीव निवाला. मी म्हटले, माझ्या आवाजाला भ्याली असेल.

तार आल्यावर वाडीला गेलो तेव्हा तात्याने ती खोली उघडून दाखवली. “दादा आतच हुतं त्या दिवशी,” तो म्हणाला. “तुमाला कळलं तर तुमी हितं येऊन बसाल, आन् पारू बी हितंच बसंल. मग दादांच्या मागं ती कुणाच्या हातचं खायची न्हाई. म्हून गळ्याची आण घातली हुती आमाला.” मी विचारले, “मी बोललो ते?” तात्याने आत वळून चहा सांगितला. आतून कोणीतरी चहा आणला. चहा संपला आणि माझी परतीची गाडी आली.

त्या खोलीत केशवची बाज भिंतीकडून ओढून दाराशी आणून ठेवलेली होती. उशी दाराच्या बाजूला. तिथे पडलेल्या माणसाचा हात खाली सोडला तर दाराखालच्या फटीत पोचतो; मी त्या बाजेवर आडवा होऊन पाहिले. तात्या, बाज कधी सरकवली तुम्ही? आम्ही येण्याआधी की गेल्यावर? त्याने हात खाली सोडला होता का? फटीपाशी तिच्या नाकाला त्याची बोटे लागली होती का? आणि मी ओट्यावर उभा राहून जे बोलत होतो ते ऐकताना त्याचा चेहरा कसा होता? तो हसला असेल तर हसला म्हणून सांगा. रडला असेल तर तेही सांगा. आण त्याने घातली होती, तो गेला, आण फिटली. माझे शब्द मला परत घेऊ दिले नाहीत तुम्ही दोघांनी. त्याला मी विचारू शकत नाही, तुम्हाला विचारतो. सांगलीला या, माझ्यासमोर बसा आणि उत्तर द्या. खोटे एकदा सांगितलेत, मी ते मानले. आता ते चालणार नाही.