उभ्यानं बघायचा घुमट

चाचांपुढे कुठलंही ड्रॉइंग ठेवा, ते आधी कागदाकडे बघायचेच नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "बघणार कोण? बसून की उभ्यानं?"

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याचा एकच प्रश्न सगळ्यांना पाठ असतो आणि ज्याची नक्कल कॅन्टीनमध्ये रोज होते. आमच्याकडे ते चाचा होते. मूळचे श्रीवर्धनचे, पण उमेदीची सगळी वर्षं आखातात गेलेली. तिथल्याच अल कुसैसमधली आमची कंपनी घरं आतून नटवून देते. छतावरची प्लास्टरची वेलबुट्टी, कडेच्या पट्ट्या, खोटे खांब, हे सगळं चाचांचं खातं. मी कॉम्प्युटरवर खोल्यांची चित्रं काढतो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि नाव तिथल्या तिथे विसरून मला "पुणेकर" करून टाकलं.

त्या प्रश्नापायी त्यांनी काय काय केलं ते सांगितलं तर खोटं वाटेल. दातांच्या दवाखान्याचं काम होतं, तर हे गृहस्थ सरळ पेशंटच्या खुर्चीत आडवे झाले आणि तोंड उघडून छताकडे बघत राहिले. तोंड उघडायची काय गरज होती ते अजून कुणाला कळलेलं नाही. दुसऱ्या एका घरी बेडरूमच्या छताचं ठरत होतं. चाचांनी मालकाला अगदी निरागसपणे विचारलं, बाईसाहेब कुठल्या कुशीवर झोपतात? ते काम आम्हाला मिळालं नाही.

कंपनीनं एकदा त्यांना संगमरवर बघायला इटलीला पाठवलं होतं. संगमरवर राहिला बाजूला, ते रोमचं एक जुनं चर्च मनात घेऊन परत आले. चहाच्या वेळी विषय कुठलाही असो, चाचा त्याला वळवून त्या चर्चमध्ये नेऊन सोडत. आत गेलं की रंगीत दगडांचे खांब, सोन्याचं काम, कोपऱ्या-कोपऱ्यात प्लास्टरचे देवदूत. मोठ्या छतावर असं चित्र की भिंत कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झालं याचा पत्ता लागत नाही. पण त्यांचा जीव जडला होता तो पुढच्या घुमटावर.

"घुमट नाहीच तिथं," ते खूश होऊन सांगत. बांधायला पैसे पुरले नाहीत म्हणे, किंवा उजेड अडतो म्हणून शेजाऱ्यांनी कटकट केली. सोसायट्या सगळीकडे सारख्याच. मग त्या चर्चच्याच एका ब्रदरनं, म्हणजे धर्मबंधूनं, सपाट कापडावर घुमट रंगवला आणि वर लावून दिला. खाली फरशीवर एक गोल खूण आहे. तिच्यावर उभं राहिलं की वर खराखुरा, खोल, खांबांचा घुमट दिसतो. दोन पावलं सरकलं की तो कलंडतो. चाचा त्या खुणेवर इतका वेळ उभे राहिले होते की मागची रांग कुरकुरायला लागली.

जन्मभर चाचांनी पानं-फुलं मीटरच्या हिशेबानं विकली होती. कॅटलॉगमधून गिऱ्हाइकानं नंबर सांगायचा, यांनी साच्यात ओतायचं. ते मला एकदा म्हणाले, "पुणेकर, परत जायच्या आधी एक तरी छत माझं म्हणून राहू दे." त्यांचा व्हिसा संपत आला होता आणि कंपनी तो वाढवणार नव्हती.

आणि तसं काम चालून आलं. रास अल खैमाच्या एका व्यापाऱ्याला नव्या घराच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, काहीतरी वेगळं हवं होतं. चाचांनी त्याला मोबाइलवर रोमचा घुमट दाखवला. माणसांची चित्रं नकोत, एवढीच त्याची अट होती. घुमटात माणसं नव्हतीच. चाचांनी खोलीच्या मधोमध खडूनं फुली मारली, स्वतःच्या डोळ्यांची उंची भिंतीवर आखली, आणि त्या बिंदूवरून मी रेषा बांधल्या. रंगवलं मात्र सगळं त्यांनी. कापडाचे पट्टे वर्कशॉपमध्ये पसरायचे, आणि चाचा गुडघ्यांना उशी बांधून त्यांवर रांगायचे. इतका आनंदात असलेला म्हातारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पट्टे वर चढले, मधली परांची उतरली, आणि घरमालक येऊन भिंतीकडेच्या आपल्या बैठकीवर बसला. बराच वेळ वर बघून तो हळूच म्हणाला, "चाचा, ये तो मेरे ऊपर गिर रहा है."

चाचा त्याच्या शेजारी जाऊन बसले. वर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मजलिसमध्ये माणसं भिंतीला टेकून बसतात, चारी बाजूंनी. मधोमध उभं कुणीच राहत नाही. जो प्रश्न त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला, तो या एका कामात स्वतःला विचारायचाच राहिला. चर्चच्या प्रेमात पडून चाचांनी घराला चर्चची फुली मारली होती. शरमेपोटी त्यांनी मधे पाऊलसुद्धा टाकलं नाही, कडेकडेनं बाहेर पडले.

आमच्या मॅनेजरनं तोडगा काढला. खालून सपाट जिप्समचं छत मारायचं, मधे झुंबर टांगायचं, खलास. चाचा हो म्हणाले. मला त्यांचं ते हो म्हणणं सहन झालं नाही. छत झाकायच्या आदल्या दिवशी मोजमापं घ्यायला आम्ही दोघं पुन्हा गेलो.

मालकानं टेप बाजूला ठेवायला लावली आणि आम्हाला बसवलं. चाचांना मानाची जागा दिली, जिथून त्यांचा घुमट सगळ्यात वाकडा दिसत होता. मग डाव्या हातात कॉफीचं भांडं आणि उजव्या हातात कप घेऊन तो स्वतः मधे उभा राहिला. कप भरता भरता त्याची मान वर गेली आणि तिथेच थांबली.

"इधर से तो ठीक है," तो म्हणाला. मग मान खाली घेऊन म्हणाला, "हमारे यहाँ मेहमान बैठता है. घर का मालिक खड़ा होके पिलाता है. रहने दो चाचा, ऐसा ही रहने दो."

चाचांचे डोळे भरून आले होते. थोड्या वेळानं ते अवघडत उठले आणि म्हणाले, "शेख, एक बार मैं पिलाऊँ?"

पाहुण्यानं कॉफी वाढायची रीत तिथे नाही. मालक क्षणभर घोटाळला. मग त्यानं भांडं चाचांच्या हातात दिलं आणि स्वतः माझ्याशेजारी येऊन बसला.

चाचा मधे गेले. त्या फुलीवरून आपला घुमट ते पहिल्यांदाच बघत होते. भांडं हातात तसंच राहिलं आणि मालक आणि मी रिकामे कप धरून बसून राहिलो. पुढच्याच आठवड्यात ते श्रीवर्धनला गेले, कायमचे. आता ऑफिसात कुणी त्यांची नक्कल करत नाही, नव्या पोरांना ते माहीतही नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते तसेच आहेत, भांडं धरलेले, मान वर, तोंड किंचित उघडं.

तिथली कॉफी कडू असते, मला ती मुळीच आवडत नाही. पुरे झालं की रिकामा कप हलवून दाखवायचा असतो, नाहीतर वाढणारा पुन्हा भरतो आणि उभाच राहतो. त्या दिवशी अखेर चाचांनी माझा कप भरला. मी पिऊन संपवला आणि न हलवता तसाच पुढे केला. त्यांनी तो पुन्हा भरला, आणि मी पुन्हा तसाच पुढे केला.