झुडपाच्या बिया

नव्वदच्या दशकात लग्न करून पुण्याहून बंगळूरला आले, चामराजपेटेत राहू लागले. घरात बसवेना, म्हणून शेजारच्या गल्लीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे वाळवलेल्या वनस्पती कागदावर चिकटवायचं काम धरलं. सर बेळगावकडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "गळालेलं काही टाकायचं नाही बघा. पाकिटात घालून त्याच कागदावर चिकटवायचं."

इलेक्ट्रॉनिक सिटीपलीकडच्या एका खडकाळ उतारावर सहदेवीच्या कुळातलं एक झुडूप होतं. पुरुषभर उंच, पानांची खालची बाजू लवदार, फांद्यांच्या टोकांना जांभळे गोंडे. एकेक गोंडा म्हणजे बारीक फुलांची दाटी. सूर्यफुलासारखी कडेची पाकळी मात्र एकही नाही. ही जात नेमकी कोणती, हे सरांना वर्षानुवर्षं सुटत नव्हतं. पिकलेल्या बीवरच्या शिरा पाहिल्याशिवाय ते नाव लिहिणार नव्हते, आणि दर वेळी ते पोचेपर्यंत बिया वाऱ्यावर गेलेल्या असत. त्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. मीच बसने गेले, गोंड्यांसकट फांदी आणली आणि वर्तमानपत्रात दाबून ठेवली.

तिसऱ्या दिवशी कागद बदलायला उघडले, तर गोंडे आतल्या आत पिकून फुटलेले. टेबलभर पांढरा कापूस. मला स्वच्छतेचा भारी सोस. पसारा दिसला की डोकं फिरतं. सगळा कापूस फडक्यात गोळा केला आणि खिडकीतून झटकला. फांदी आता छान नीटनेटकी दिसत होती.

सरांनी ती उलटसुलट करून पाहिली. "बिया?"

"कापूस झाला होता, सर. झटकला."

बिया त्या कापसालाच चिकटलेल्या होत्या. सर खिडकीपाशी जाऊन खाली पाहून आले. मग कानडी मिसळत म्हणाले, "सरी, असू दे. रविवारी स्वल्प पुन्हा जाऊन या."

मी गेले. उतार सपाट केला होता, प्लॉटचे पांढरे दगड रोवले होते. झुडूप कुठे होतं तेही ओळखू येईना. मी त्यातल्याच एका दगडावर बसून रडले. परत येऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी पुढचा गठ्ठा माझ्यासमोर सरकवला, आणि आम्ही दुसऱ्या कामाला लागलो.

काही वर्षांनी सर गेले. त्यांचे कागद लावताना ती फांदी सापडली. त्यांनीच चिकटवली होती, बाजूला एक रिकामं पाकीटही. जातीच्या नावाची जागा कोरी होती. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बिया मिळाल्या होत्या. माझ्या हातून गेल्या.'