बेडूक कमी होण्याचं पाचवं कारण

सकाळी अकराला आम्हाला प्राणी वाचवायला शिकवायचे आणि दुपारी दोनला शेजारच्याच खोलीत अकरावी-बारावीची पोरं बेडूक फाडायची. मधल्या वेळात बेडूक पोत्यात असायचे, आणि पोत्यावर ओलं फडकं टाकून त्यांना जिवंत ठेवायचं काम माझ्या वडिलांचं होतं.

वडील, म्हणजे नाना, त्याच कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. आमचं मूळ गाव हरसूलकडचा एक पाडा, पण राहायला सातपूरला. सगळं कॉलेज नानांना ‘मामा’ म्हणायचं. मी एम. एस्सी.ला तिथेच प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी एकच अट घातली, “कॉलेजात नाना म्हनायचं नाय. मामाच म्हन.”

“का?”

“सरांना तुला रागवता आलं पायजे.”

नातं सगळ्यांना ठाऊक होतं, तरी मी सख्ख्या बापाला मामा म्हणत होते. मैत्रिणींना याचं फार हसू यायचं. मलाही यायचं, पण घरी गेल्यावर.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ‘जैवविविधता आणि संवर्धन’ हा पेपर आमच्या वेळी नवाच आला होता. पुस्तकं सगळी इंग्रजी, आणि त्यांत गेंडे, देवमासे, कुठकुठली अस्वलं. सेमिनार मात्र आपल्या भागातल्या एका प्राण्यावर द्यायचा होता. बाकीच्यांनी बिबट्या, गिधाड, माळढोक असले भारदस्त प्राणी पळवले. मला पहिल्यापासून खोड, चारजण जिकडे जातील तिकडे जायचं नाही. मी बेडूक घेतला. खरं सांगायचं तर बेडकाची माहिती घरात ताटावर वाढलेली होती.

आठवडाभर नाना जेवताना सांगायचे आणि मी डाव्या हाताशी वही घेऊन बसायचे. नोकरीला लागले तेव्हा घरामागच्या डबक्यांतच पोतं भरायचं. तिथे कारखान्यांच्या शेड उठल्या, तेव्हा सायकलवर टांग मारून गंगापूरच्या बाजूला जायला लागले. मग त्र्यंबक रस्त्याला. आणि अलीकडे एसटी बदलून थेट आमच्या पाड्यावरच्या भातखाचरांत.

“आता तिथं बी पयल्यासारखे नाय,” ते म्हणाले. “पिवळेधमक नर लय वरडायचे. मानसाला मानसाचं ऐकू यायचं नाय. आता एखादा कुठं तरी.”

आपलं काम कोणी लिहून घेतंय याचं त्यांना अप्रूप वाटत होतं. कुठल्या बांधाशी, कोणत्या नक्षत्रात, हात कसा घालायचा, सगळं रंगवून सांगत होते. मी मात्र वहीतली गावं एकाखाली एक वाचली आणि पेन खाली ठेवलं. सायकलच्या टप्प्यातून एसटीच्या टप्प्यात बेडूक गेला होता, आणि त्याच्या मागोमाग दरवर्षी एक पोतं जात होतं.

मी ट्रान्सपरन्सीवर, म्हणजे प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक कागदावर, बेडूक कमी होण्याची कारणं लिहिली. बुजवलेली डबकी. शेतातली औषधं. रस्त्यावरची वाहनं. पावसाची लहर. खाली एका कारणापुरती जागा उरली, तिथे मी हिरव्या पेनाने छानसा बेडूक काढला. नानांना मराठीत वाचून दाखवलं.

“चारच?” त्यांनी विचारलं.

“चारच. वेळ कमी असतो.”

नाना उठले. ताट उचलून मोरीकडे गेले.

मी खोटं काही लिहिलेलं नाही, अशी मनाची समजूत घातली. पण डोकं फिरलं होतं. हाच पेपर शिकवणाऱ्या सरांचा राग आला, बेडकांच्या मागणीपत्रावर सही त्यांची. अभ्यासक्रम करणाऱ्यांचा आला. आणि जिच्यासाठी बापाने दोन वर्षं नाना हा शब्द गिळला त्या माझा तर सगळ्यात जास्त आला.

सेमिनारला ओव्हरहेड प्रोजेक्टरपाशी नानाच उभे होते. माझी खूण झाली की पुढची ट्रान्सपरन्सी काचेवर ठेवायची, एवढंच त्यांचं काम. माझं बोलणं बरं झालं. सर म्हणाले, “छान. कुणाला काही विचारायचंय?” नेहमीप्रमाणे कुणालाच काही विचारायचं नव्हतं.

“सर, एक राह्यलं,” नाना म्हणाले.

सगळे वळून बघायला लागले.

“पोरीनं चार कारणं सांगितली. पाचवं मी हाय. दर पावसाळ्यात पोतंभर नेतो, आन् तेबी पोटात अंडी असतात तवाच. तिला ठाऊक हाय, वहीत समदं लिवलंय तिनं.”

सरांचा चेहरा उतरला. “मामा, तुम्ही आम्ही सांगतो म्हणून आणता.”

“व्हय सर. पर आनतो मीच.”

सर माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, “तुला माहीत होतं, तर लिहिलं का नाहीस?”

मला दहा उत्तरं देता आली असती. तोंडातून एकच निघालं, “ते माझे नाना आहेत, सर.” सगळ्यांना माहीत असलेलीच गोष्ट, पण त्या हॉलमध्ये ती मी पहिल्यांदा बोलले. माझा आवाज फुटला, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

नानांनी कारणांची ट्रान्सपरन्सी काढून परत काचेवर ठेवली. “लिही,” म्हणाले.

मी पेन घेऊन गेले, तर लिहायला जागाच नव्हती. खाली तो हिरवा बेडूक बसलेला. नानांनी अंगठा जिभेला लावला आणि बेडूक पुसायला लागले. पडद्यावर त्यांचा अंगठा केवढा तरी मोठा दिसत होता. आधी पाय गेले, मग पोट, शेवटी डोळे. जागा स्वच्छ झाल्यावर त्यांनी शर्टाच्या बाहीने ती कोरडी केली आणि कागद हलू नये म्हणून कोपरा धरून ठेवला.

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

“आता पयल्यापासून वाच,” नाना म्हणाले, आणि मी पाचही कारणं वाचली.