पाचवीचं पान

सुईणीनं पाचवीचं पान अर्धं टाकून उठायचं नाय. उठली तर त्या पोराचं आयुष्य अर्धं राहतं, असं आमच्या मुरबाडाकडं मानत. मीही मानत होते. आग लागो मेल्या त्या समजुतीला!

माझी सासू धोंडूबाई टोकावड्याच्या पंचक्रोशीतली सुईण. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. अंगानं अशा भरलेल्या की दारातून आडवं होऊन यायच्या. का नाय होणार? घरोघरी पाचवीला तांदळाचा भात, गूळ, तूप आणि वर आग्रह. सुईण नको म्हणाली की घरधनीण रुसायची.

बत्तीस सालचा माघ होता. माझ्या नणंदेच्या बाळाची पाचवी आमच्याच घरी. दिवस कलला होता. आत्याबाई पानावर बसलेल्या आणि मी वाढत होते. तेवढ्यात डोंगरावरच्या वाडीचा नवशा धापा टाकत ओट्यावर आला.

"वैनी, माझी भिमी अडलीय. सुईणबाईंना धाडा लवकर."

मी दारातच त्याला अडवलं. म्हटलं, "थांब रे जरा. पाचवीचं पान हाय, उठवायचं नाय." तो बिचारा खाली बसला. मी आत जाऊन भात वाढला. आत्याबाईंनी आणखी मागितला, तोही वाढला. पान पुरं झाल्यावरच निरोप सांगितला.

वाडीचा चढ कोसभर. आत्याबाई सात ठिकाणी बसल्या. पोचल्या तेव्हा भिमी गेली होती, पोटातल्या जिवासकट. मागं नवशाच्या पदरात दोन वर्षांची लेक तानी राहिली.

"लवकर चढले असते तर," एवढंच आत्याबाई म्हणाल्या. सगळा दोष त्यांनी आपल्या अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला.

दुसऱ्या दिवसापासून पत्रावळ बंद. पळसाचं एकच पान घ्यायच्या, त्यावर मावेल तेवढंच. नागलीची अर्धी भाकर, मोसमाची पालेभाजी, वाटीभर कुळथाचं कढण. घास इतका चावायच्या की रवंथ करणारी म्हैसही कंटाळावी. दिवस मावळला की तोंड बंद. पाचवीलाही तेच एक पान. पुरं करायच्या, पण चार घासांत. कुणी रुसलं तर रुसलं. आणि रोज सकाळी, काम नसलं तरी, तो चढ चढून यायच्या.

अंग एकदम उतरलं नाय. दर दोन दिवाळ्यांनी कासार बांगडीचं एक माप खालचं काढायचा. चढावरच्या बसायच्या जागा सातच्या पाच झाल्या, मग तीन. लढाईत रेशन आलं, गाव धान्यासाठी शहापुरापर्यंत पायपीट करू लागला. आत्याबाईंच्या पानात काहीच फरक पडला नाय.

गावाची जीभ मात्र सुटली. "भिमीची हडळ लागलीय. धोंडूबाईच्या पानातलं तीच खाते." हडळीनं धरायचं तर मला धरायला हवं होतं! मी वाढायला बसले की ओट्यावरून धापा ऐकू यायच्या. जाऊन बघावं तर कुणी नाय. शेवटी भगताला काळी कोंबडी दिली आणि आत्याबाईंच्या दंडाला तावीत बांधला. वर्षभरात दंड एवढा उतरला की तावीत घसरून दळणाच्या पिठात पडला.

आत्याबाई हसल्या. "खुळी का काय तू? मला कुणी खात नाय गो. मीच कमी खाते."

अशी पंधरा वर्षं गेली. स्वराज्याचा झेंडा लागला त्या सालची दिवाळी सरली होती. तानीचं लग्न त्याच वाडीत झालेलं, तिला दिवस भरले होते. दुपारी आमी जेवत होतो. ओट्यावर धापा वाजल्या. मी मान वर केली नाय. रोजचंच मेलं ते, म्हटलं.

आत्याबाईंनी हातातला घास पानात टाकला. "कमळ, नवशा आलाय."

खरंच नवशा होता, म्हातारा झालेला. तानी अडली होती. आत्याबाई उष्ट्या हातानंच निघाल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं धावले. साठीची बाई, पण चढावर एकदाही बसली नाय. धाप मला लागली. तानीचं पोर पायाळू होतं. आत्याबाईंनी हळूहळू फिरवून काढलं, आणि ते रडलं.

तानीच्या पाचवीला आत्याबाईंसमोर पान मांडलं. मला राहवेना. त्यांचे पाय धरले आणि सगळं ओकले, नवशाला अडवलं, निरोप दाबला, सगळं. "भिमी माझ्यामुळं गेली, आत्याबाई. आता तरी पोटभर जेवा हो!"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात केवढा हलका झाला होता.

"नवशाच्या धापा तेव्हाही मला आतपर्यंत ऐकू आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "भात चांगला झाला होता गो. म्हणून आणखी मागितला."