खाली कोण उतरणार

"नाव इंग्रजी, आडनाव मात्र आपल्याकडचं," सर म्हणाले आणि हसले. मग समोरच्या खड्ड्याकडे हनुवटी केली. "चल, तू उतर. तुझ्या घराण्याला खड्ड्यांचं काय नवल?"

एमएस्सीचं पहिलं वर्ष. शेतावरचा पहिलाच दिवस. आम्ही पाच विद्यार्थी काठावर उभे होतो. चौघे हसले. मीही हसलो. घाबरलेला माणूस हसतोच. हसलो आणि उतरलो.

आमचे पणजोबा महार. गावची मेलेली जनावरं ओढायची, पुरायची, हे त्यांच्या वाट्याचं काम. मग ते ख्रिस्ती झाले. माझे पप्पा मिशनच्या शाळेत शिपाई आहेत. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला जातात आणि मनापासून सांगतात, "आपल्याला आता जात नाही." सरही जातीचं नाव कधी घेत नाहीत. सुशिक्षित माणूस. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या प्राध्यापक. ते फक्त आडनाव विचारतात.

मी मृदाशास्त्राला आलो ते नकाशासाठी. आमच्या घरामागं एक बांध आहे. बांधाच्या अलीकडं काळी जमीन, पलीकडं लगेच मुरमाड. असं का, हे मला लहानपणापासून कुणी सांगितलं नव्हतं. विद्यापीठात आल्यावर कळलं की याचा नकाशा काढता येतो. उपग्रहाचं चित्र घ्यायचं, त्यावरून जमिनीचे तुकडे पाडायचे, मग त्या तुकड्यांत जाऊन खोल खड्डे घ्यायचे. खड्ड्याच्या भिंतीत मातीचे थर दिसतात. ते वाचायचे, चित्राशी ताडून बघायचे आणि संगणकावर नकाशा रंगवायचा. हे ऐकून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

पण नकाशा वर राहिला आणि मी खाली. वर टॅब्लेट, जीपीएस, ड्रोन, छत्री आणि पाण्याच्या बाटल्या. खाली मी, टेप आणि सुरी. मी भिंत खरवडायचो, थर मोजायचो, मातीवर आम्लाचे थेंब टाकून ती किती फसफसते ते बघायचो आणि ओरडून सांगायचो. वरून सुजय ते टॅब्लेटवर भरायचा. सुजय माझ्याच बाकावर बसतो, वाईट मुलगा नाही. पण मी मातीचं ढेकूळ वर दिलं की तो हातात घेत नसे, कागद पुढं करायचा. दुसऱ्या कुणी दिलं तर तळहातावर घेऊन चुरायचा. मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "अरे, सवय." कसली सवय, ते त्यानं सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला सरांनी कुणाला विचारलंसुद्धा नाही. नुसतं माझ्याकडं बघितलं. त्यानंतर बघायचीही गरज उरली नाही. जीप थांबली की मीच चप्पल काढून बूट चढवायचो. "हा चांगला उतरतो," सर पाहुण्यांना सांगत. मी एकदा म्हणालो, "सर, आज टॅब्लेट मी घेऊ का?" ते म्हणाले, "ज्याला जे जमतं त्यानं ते करावं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बोलणार कुणाला? गाईड तेच, मार्क त्यांच्या हातात, प्रबंधावर सही त्यांची.

खड्ड्यात काय वाटतं ते सांगतो. आत गेलं की आवाज बदलतो. वरचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं. चारी बाजूंनी ओल्या मातीचा वास. वर बघितलं तर आभाळाचा चौकोन आणि त्यात चार बूट. भिंतीतून खडा सुटून पडला तरी काळजात धस्स होतं. मी मनातल्या मनात प्रार्थना करायचो आणि तोंडानं थरांचा रंग सांगायचो. भीती कुणाला दिसू दिली नाही. तरणाताठा मुलगा खड्ड्याला घाबरतो म्हटल्यावर काय होईल, ते मला माहीत होतं.

मग सुपा गावचा दौरा. ओढ्याकाठची जमीन होती. वर माती, खाली वाळू आणि गोटे. खड्डा माझ्या उंचीएवढा खोल. मी खालच्या थराचा नमुना काढत होतो. सुरीसमोरची वाळू भरभर सुटायला लागली. मी हात मागं घेतला तोवर वरची माती खाली आली. खांद्यावर आदळली. मांड्यांपर्यंत गाडला गेलो. पाय हलेनात. तोंडात माती. ओरडायला गेलो तर आवाजच निघेना. पाचावर धारण बसली म्हणतात ती काय असते, ते मला तेव्हा कळलं.

वरून सरांचा आवाज आला. "नमुना सांडला का रे?"

एवढंच. त्यांनी तेवढंच विचारलं. आणि मी, गाडलेला मी, पिशवी चाचपून म्हणालो, "नाही सर, आहे."

सुजयनं आणि दुसऱ्या एकानं हात देऊन ओढलं. पँट झटकली. सर्वांनी चहा घेतला. आई तिथंच सुप्याच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. जीप त्या कंपनीच्या फाटकावरून गेली तेव्हा मी मान खाली घातली. तिनं मला तसं बघू नये असं वाटत होतं.

तरी रविवारी आईजवळ फोनवर बोलून गेलो.

"लागलं का रं?"

"नाही."

"त्ये सर कुठं हुते?"

"वर."

"आन बाकीची पोरं?"

"वरच."

मग ती म्हणाली, "ये निघून घरी. न्हाई पायजे आपल्याला असलं शिक्षन. साहेबांना सांगून आमच्या कंपनीत लावते तुला."

तिचा आवाज कापत होता. आईला घाबरलेलं ऐकून मी आणखी घाबरलो. घरी जायचं म्हणजे नकाशा सोडायचा. राहायचं म्हणजे खड्ड्यात उतरायचं. तिसरा रस्ता असतो, हे मला तेव्हा सुचलंच नाही. त्यानंतर झोपेत माती पडायची. दचकून उठलो की आधी पाय हलवून बघायचो.

कोल्हारला गेलो तेव्हा हे असं होतं. प्रवरेकाठची काळी, खोल जमीन. आजूबाजूला ऊस, पाटाचं पाणी सुटलेलं. जेसीबीनं आदल्या दिवशी खड्डा घेऊन ठेवला होता. माझ्या डोक्याच्या वर हातभर खोल. तळाला पाणी पाझरलेलं. मी काठावर गेलो आणि मला ती भेग दिसली. कडेपासून दीड वीत आत, कडेला समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोट घातलं. पूर्ण आत गेलं.

"सर, इथं भेग आहे."

"काळ्या मातीला भेगा असतातच. पहिल्या वर्षात शिकलास ना?"

खरं होतं. काळी माती वाळली की भेगाळते, लहान पोरालाही माहीत आहे. ही भेग तसली असेल. नसेलही. मला सांगता येत नव्हतं आणि आजही येत नाही. मी शिडीपाशी गेलो. शिडीवर पाय ठेवला. पाय उचलेना. सगळे बघत होते.

"मी उतरत नाही," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मलाच परत म्हणावं लागलं. "सर, मी उतरत नाही. मला भीती वाटते."

सर शेतमालकाकडं बघून हसले. "बघा. यांच्या लोकांना खड्ड्याची भीती कधीपासून?"

"सुप्यापासून, सर," मी म्हणालो. "सांगायचं राहिलं."

कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "नाटकं करू नकोस. माझा दिवस वाया घालवू नकोस."

शेतमालक भला माणूस. त्यांना चहा निवायची काळजी होती. ते म्हणाले, "सर, पोराला भ्या वाटतंय तर ऱ्हाऊ द्या की. आमचा गडी हाय ना, त्यो उतरंल. ए, इकडं ये रं."

उसाला पाणी देत असलेला माणूस आला. पप्पांपेक्षा मोठा. हातात फावडं, पाय चिखलानं भरलेले. त्यानं खड्डा बघितला, भेग बघितली आणि फावडं खाली ठेवलं. तो शिडीकडं निघाला.

मला काय वाटलं सांगू? आधी सुटल्यासारखं वाटलं. चला, मी नाही. मग त्याचा हात शिडीवर गेला आणि मी पुढं झालो. तो काही विचारत नव्हता. मीही वर्षभर असाच न विचारता उतरत होतो.

"काका, नका उतरू," मी म्हणालो. मग सरांना, "त्यांना पण नको. थर वाचायचं काम आपलं आहे."

"मग काय मी उतरू?" सर ओरडले.

मी एकदम गार पडलो. प्रबंध डोळ्यांपुढं आला. आई आली. कंपनीचं फाटक आलं. तरी म्हणालो.

"हो, सर."

सर ताडताड काठावर आले. वाकले. भेग बघितली. त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघितली. मग सुजयकडं बघितलं. सुजय टॅब्लेटमध्ये डोकं घालून उभा राहिला. सर दोन पावलं मागं सरले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "उशीर झालाय. आज राहू दे."

सकाळची वेळ होती. चहासुद्धा अजून प्यायचा होता.

मी तिथं उभा होतो आणि मला सगळं स्वच्छ दिसलं. सरही घाबरले होते. सुजयही. सगळेच घाबरतात. त्यांच्या भीतीला 'उशीर झालाय' म्हणतात, माझ्या भीतीला 'नाटकं' म्हणतात. पणजोबांनाही भीती वाटत असणार. कुजलेलं जनावर ओढताना, एकट्यानं खड्डा खणताना. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून ती नव्हती असं ठरलं. आणि तेच आजपर्यंत माझ्या आडनावाबरोबर चालत आलं. मला त्या क्षणी इतका राग आला की रडूच आलं.

तो खड्डा पुढं ढासळला की नाही, मला माहीत नाही. ढासळला नसेल तरी माझं म्हणणं बदलत नाही.

जीपमध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही. विद्यापीठात परतल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज एकदम मऊ. "हे बघ, सगळ्यांसमोर माफी माग. पुढच्या वेळी गपचूप उतर. मी विसरून जाईन. नाहीतर दुसरा गाईड शोध. तुला कोण घेतं ते मला बघायचंय." विचार करायला त्यांनी उद्यापर्यंत वेळ दिला आहे.

पप्पा फोनवर म्हणाले, माग माफी, मोठ्या माणसांशी वैर नको.

मी घाबरलो आहे. सकाळपासून अन्न जात नाही. दुसरा कुणी गाईड मला घेईल की नाही, खरंच माहीत नाही. वर्ष जाईल. कदाचित दोन जातील. सुजयनं मला समोरून येताना बघितलं आणि रस्ता बदलला. हे सगळं सोसायची माझी तयारी आहे का, तेही मला ठाऊक नाही.

पण उद्या जाणार आहे. माफी मागणार नाही. घरीही परत जाणार नाही. सरांना सांगणार आहे, मी नकाशा शिकायला आलोय आणि तो शिकूनच जाणार. खड्ड्यात उतरेन, पण आळीपाळीनं, सगळे उतरतील तेव्हा, आणि तुम्हीही त्यांत असाल तेव्हा. ढासळू नये म्हणून भिंत तिरकी कापून, पायऱ्या काढून. शेतातल्या गड्याला माझ्या जागी उतरवलंत तर त्याच्यापुढं मी उभा राहीन. नाही म्हणालात तर विभागप्रमुखांकडं जाईन, तिथून कुलगुरूंकडं, आणि प्रत्येक दारात आधी हेच सांगेन की मला भीती वाटते.

आवाज कापेल. कापू दे. म्हणणं हेच राहील.