डिंक सुकेपर्यंत

रविवारचं जेवण आटोपून मी कॉटवर पाठ टेकते. एकटीच्या जेवणात आटोपायचं ते काय. एक ताट, एक वाटी. डोळे जड होतात तेवढ्यात ओल्या मातीचा वास येतो आणि सवयीने मी चिडते. आणलात ना पुन्हा घरात चिखल, असं म्हणायला तोंड उघडते आणि मग लक्षात येतं, कुणाला म्हणतेय.

हे मार्गशीर्षात गेले. जन्मभर पाटबंधारे खात्यात धरणांचे नकाशे काढले आणि रिटायर झाल्यावर दर रविवारी गल्लीतली पोरं गोळा करून परातीत बागा करायला लागले. एका रविवारी बाजाराचं गाव, पुढच्या रविवारी चंद्रावरचं. काडेपेट्यांची घरं, शेवाळाची हिरवळ, आरशाच्या तुकड्याचं तळं. माझ्या सगळ्या पराती त्यात गेल्या. मी कणीक ताटात मळायची आणि दिवसभर बोलून दाखवायची. हे गेल्यावर मीच पराती मांडून बसले. थोडे दिवस पोरं आली, गुपचूप बसून गेली. मग समोरची ईरा म्हणाली, आजी, तुम्ही मधेच रडता, आम्हाला कसंतरी होतं. तेव्हापासून कुणी येत नाही. खरं सांगायचं तर मला जगायचाच कंटाळा आलाय, आणि हे कुणापाशी बोलायची सोय नाही.

वास काही जात नाही. बघावं म्हणून मी स्वयंपाकघरात जाते, तर ओट्याच्या जागी दवाखान्याचा लांब व्हरांडा आहे. यांचे शेवटचे दिवस आम्ही काढले तोच. बाकांवर गल्लीतली पोरं ओळीने बसलीत, प्रत्येकाच्या मांडीवर माझी एकेक परात. कुणी वर बघत नाही. टोकाला हे उकिडवे बसून फरशीवर शेवाळ थापतायत. अंगात तो घरातला, बगलेत उसवलेला सदरा.

"अहो," मी म्हणते.

"चपला काढून ये. हिरवळ दबते."

इतक्या दिवसांनी भेटून पहिलं वाक्य हे. मला राग येतो, आणि रागावल्यावर इतकं बरं वाटतं की रडूच फुटतं. मी चपला काढते. पाय गार शेवाळावर टेकतात आणि मी आमच्या गल्लीत उभी असते. घरं माझ्या गुडघ्याएवढी. ईराचं घर, पिठाची गिरणी, कोपऱ्यावरचा नळ, सगळं जिथल्या तिथे. आमचंही घर आहे. पायरीवर मातीचा एक म्हातारा बसलाय, बसण्याची ढब अगदी यांची. त्याच्या शेजारी जागा रिकामी आहे.

"आणि मी कुठेय?"

हे खिशातून फूटपट्टी काढतात. आधी घरापाशी धरतात, मग एक डोळा मिटून माझ्याकडे बघतात.

"तू मापात बसत नाहीस, मालन."

पोरांपैकी कुणीतरी नेहमी मोठा प्लास्टिकचा हत्ती घेऊन यायचं आणि बागेत ठेवायचा हट्ट धरायचं. एक वस्तू मापाबाहेर गेली की बाकीची सगळी बाग खोटी दिसते, असं हे त्याला शांतपणे समजावत बसायचे. आता तोच समजुतीचा सूर माझ्याशी लावतात. मी सांगते की मला खोटी दिसलेली चालेल. मला घरात दिवस जात नाही, रात्र जात नाही, मी कुणाला नको आहे आणि मलाही कुणी नको आहे. त्या पायरीवर मला ठेवा. मला लहान करा, मोडा, मातीत कालवा, काय करायचं ते करा.

"न्या मला," मी म्हणते.

"ते माझ्या हातात नाही गं."

मी रडत राहते. रडणाऱ्या पोराला हे काहीतरी काम द्यायचे. तसंच माझ्या हातात आइस्क्रीमच्या काड्यांचं एक चिमुकलं फाटक देतात. जोड अजून ओला आहे.

"हे चिमटीत धर. डिंक सुकेपर्यंत सोडू नकोस."

"तुम्ही कुठे निघालात?"

"पाणी आणतो. झारी रिकामी आहे."

"परत याल ना?"

हे फाटकाकडे बघतात. "हलवू नकोस," एवढंच म्हणतात आणि चालू लागतात. बाकांवरची पोरं एकेक करून उठतात आणि पराती सांभाळत यांच्या मागे जातात. लांब जाता जाता हे लहान होत जातात. गिरणीपाशी गिरणीच्या दारात मावतील एवढे, नळापाशी काडीएवढे. मला धावता येईल. पण धावले तर जोड निखळेल. मला गुंतवून ठेवलंय हे मला कळतं, मी काही दूधखुळी नाही. कळतं तरी सोडवत नाही. मी फाटक धरून शेवाळावर बसून राहते आणि शेजारच्या तळ्यात बघते. तळ्यात पंखा फिरतोय.

आमचाच पंखा. मी कॉटवर उताणी पडलेली आहे. चहाची वेळ टळून गेलीय, भिंतीवर तिरकं ऊन आलंय आणि बाहेर पोरं आरडाओरडा करत खेळतायत. उजवा हात छातीवर, चिमूट तशीच. ती सोडायला जाते तर सुटत नाही. अंगठा आणि शेजारचं बोट घट्ट चिकटलंय, कडेला डिंकाचा पिवळट ओघळ वाळलेला आहे.

गरम पाण्यात बोटं बुडवली की सुटतील, हे मला ठाऊक आहे. मी उठत नाही. चिमटीत फाटक नाही, काहीच नाही. डिंक केव्हाच सुकलाय आणि हे अजून आलेले नाहीत.